खालून उघडणारं घर

१

सीलसाठी घर बांधायचं म्हणजे बर्फ ओढायचा. त्यात शास्त्र फारसं नाही, कंबर मात्र लागते. जानेवारीत तळं पुरतं गोठलं की बेटाच्या कडेला फावड्याने बर्फाचा लांबोडा ढीग घालायचा, छातीइतका उंच, थापून घट्ट करायचा आणि निघून जायचं. पुढचं सील बघते. ती पाण्यातून येते, तळ्यावरचा कडक थर खालून नखांनी खरवडून भोक पाडते, वरचा ढीग आतून पोखरते आणि त्या पोकळीत पिल्लू घालते. बाहेरून ढीग तो ढीगच दिसतो. आत कोणी राहायला आलंय की नाही, हे एप्रिलात छप्पर ढासळेपर्यंत कळत नाही. तोवर कोणीही जवळ फिरकायचं नाही, उघडून बघणं तर लांबच, हा साइमा तळ्यावरचा पक्का नियम. आई एकदा बिथरली की खाली पाण्यात निघून जाते आणि पिल्लू मरतं.

पूर्वी हे काम आभाळ फुकटात करायचं. हल्लीचे हिवाळे इतके भिकार पडतात, की माणसांनाच फावडी उचलावी लागली. आणि उपयोग झाला हो! तळ्यातली सीलची संख्या हळूहळू सावरली. सगळीकडे सावरली, फक्त सिल्वी लाउक्कानेनच्या खाडीत नाही. वर्षानुवर्षं सिल्वी, तिचा नवरा ताइस्तो आणि शेजारचा पेंत्ती इमानेइतबारे ढीग घालत होते आणि दर एप्रिलात ते रिकामे निघत होते. गणतीला विद्यापीठातून वेन्ला नावाची तरुण पोरगी यायची. ती ढिगात डोकं घालून बघायची आणि म्हणायची, “पुढच्या वर्षी नक्की.”

“आपल्याकडे वेगळी जात आहे,” पेंत्ती म्हणायचा. “अदृश्य सील. राहते, पण दिसत नाही.”

“तू गप ओढ,” सिल्वी म्हणायची. पण तिला ते लागायचं. तिला मूलबाळ नव्हतं. या खाडीत एक पिल्लू जन्माला यावं, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी धरून ठेवली होती. वेडेपणा म्हणा हवं तर.

ताइस्तो काहीच म्हणायचा नाही. बोलण्याच्या बाबतीत तो मुलखाचा कंजूष. जेवताना “मीठ कमी” म्हणाला, तर त्या दिवशी गप्पा झाल्या असं समजायचं.

२

त्या वर्षीचा शेवटचा ढीग टकल्या बेटापाशी होता. झाड नाही, झुडूप नाही, नुसता खडक, म्हणून ते टकलं. पेंत्तीची पाठ धरली होती, तो आधीच घरी गेला होता. सिल्वी ढीग थापत होती. ताइस्तो पहार घेऊन पुढच्या अरुंद खाचेकडे गेला. तिथे खालून प्रवाह वाहतो, वरचा थर पातळ असतो, म्हणून पहार आपटून बघत बघत जायचं असतं. तो बेटाच्या आड गेला. पहारेचा आवाज काही वेळ येत राहिला आणि मग थांबला.

सिल्वीने हाक मारली. उत्तर आलं नाही, पण यात नवल ते काय? त्याने कधी हाकेला ओ दिली होती? तिने ढिगावर आणखी बर्फ चढवला, फावड्याच्या पाठीने थापला. छान झाला होता ढीग, इतका छान की तिने त्याच्याभोवती एक चक्कर मारून पाहिली.

मग तिला ताइस्तो दिसला. चिंब भिजलेला, टोपी नाही, कपडे कडकडीत व्हायला लागलेले. तो चालत येत होता, आणि खाचेच्या बाजूने नव्हे, बरोबर उलट्या बाजूने येत होता.

“पडलो,” तो म्हणाला. “निघालो.”

सिल्वीने फावडं टाकलं. मग ती ओरडली, रडली, त्याला शिव्या घातल्या, ढकलगाडीवर बसवून धापा टाकत घरी आणलं आणि थेट सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, नेऊन कोंबलं. तो वरच्या फळीवर बसला. वाफेत त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“सिल्वी,” तो म्हणाला, “किती छान ऊब आहे गं.”

तिला परत रडू आलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कशालाही छान म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेंत्ती पहार आणायला गेला. परत येऊन पायरीवर उभा राहिला, आत येईना.

“भोक सापडलं. पहार कडेलाच पडली होती,” तो म्हणाला. “पण सिल्वी, तो बाहेर कुठून आला?”

“म्हणजे काय?”

“माणूस बाहेर येताना कडा मोडत येतो ना? पोटावर घसटत येतो, लाथा झाडतो. मी दोनदा पडलोय, मला विचार. इथे कडा एकदम साफ आहे. तो आत गेल्याची खूण आहे, आल्याची नाही.”

“रात्री बर्फ पडला असेल वर.”

“पडला थोडा,” पेंत्ती म्हणाला. “असेल तसंच. जाऊ दे, वाचला ना? मग झालं तर.”

३

वाचला, हे खरंच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाल्या, ठणठणीत आहे. स्वभावात थोडा फरक पडेल, माणूस हादरतो, त्याला सांभाळून घ्या.

फरक पडला तो असा, की ताइस्तो बायकोच्या आधी उठून कॉफी करायला लागला. तिच्या पावाला लोणी लावून द्यायला लागला. ती बोलत असली की हातातलं काम ठेवून ऐकायचा. एकदा ती बहिणीशी फोनवर हसत होती, तर हा दारात उभा राहून नुसता बघत राहिला. “तू हसतेस ते मला आवडतं,” म्हणाला. सिल्वी लाजली हो, या वयात!

पण चमचे कुठे असतात हे त्याला विचारावं लागायचं. एक दिवस ती दुकानातून आली तर घर धुराने कोंदलेलं, आणि हा त्या धुरात खुर्चीवर शांत बसलेला, खोकत सुद्धा नव्हता. धुराड्याची झडप बंदच होती. ती विटांची चूल ताइस्तोने स्वतःच्या हाताने रचली होती. त्या झडपेला दुसरं कोणी हात लावलेला त्याला खपायचं नाही.

“अरे, मेला असतास ना!” दारं उघडत सिल्वी किंचाळली.

“ही उघडायची असते होय?” तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

सिल्वीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा पाल चुकचुकली. पण पाल काय, कशावरही चुकचुकते. धक्का बसलेला माणूस आपलं नाव विसरतो, तिथे झडपेचं काय घेऊन बसलात? तिने स्वतःला समजावलं आणि खिडक्या पुसायला घेतल्या.

४

फेब्रुवारी सरत आला तेव्हा ती स्कीवर निघाली. ढिगांजवळ जायचं नसलं तरी लांबून नजर टाकावी लागते. कोल्ह्याचे माग आहेत का, कोणाचं कुत्रं उकरून गेलंय का, ते बघायचं. ऊन पडलं होतं, वारा अजिबात नव्हता. टकल्या बेटासमोर ती थांबली, कारण ढिगाच्या माथ्यावर काहीतरी चमकत होतं.

गोठलेल्या दवाचा एक बारीक पांढरा तुरा होता. आतली ऊब वर झिरपते तेव्हाच असा तुरा धरतो. ती श्वास रोखून उभी राहिली. आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं. ढिगाच्या आत कोणीतरी लांब, दमलेला श्वास सोडला.

सिल्वी तिथेच बर्फात बसली आणि हातमोजे तोंडावर दाबून रडली. इतक्या वर्षांनी आलीस गं बाई, आलीस!

वेन्लाला फोन केला तर ती पोरगी तिकडून ओरडलीच. “कोणालाही जवळ जाऊ देऊ नका! सिल्वी, तुमच्या जबाबदारीवर सोडते. एप्रिलपर्यंत त्या ढिगाला कोणी हात लावायचा नाही.”

“माझ्या अंगावरून जावं लागेल,” सिल्वी म्हणाली.

घरी ताइस्तो बटाटे सोलत होता. तिने त्याच्या गळ्यात हात टाकून सांगितलं. त्याचा सुरी धरलेला हात थांबला.

“टकल्या बेटापाशी?” त्याने विचारलं. “राहू दे आत. कोणी उघडायचं नाही.”

“कोण उघडतंय? मी पहारा देणार आहे.”

“हां,” तो म्हणाला, आणि पुन्हा सोलायला लागला. “छान.”

५

दुपारी जेवण झालं की ताइस्तो बाकावर आडवा व्हायचा. सिल्वी तिथेच विणत बसायची. पूर्वी तो असा घोरायचा, की पेंत्ती म्हणायचा, तुमच्याकडे लाकूड कापायची गिरणी घातलीत का? आता घोरणं बंद झालं होतं. इतकं बंद, की एका दुपारी सिल्वीने मान वर करून पाहिलं.

त्याची छाती हलत नव्हती.

ती विणकाम टाकून उठली. नाकाशी हात धरला, काही नाही. तिने मनात आकडे मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले, कारण ते फार पुढे गेले. गालाला हात लावला तर गाल उबदार. ती “ताइस्तो!” म्हणून किंचाळणार एवढ्यात त्याने नाकातून जोराने श्वास सोडला, एक मोठा आत घेतला आणि पुन्हा निपचित पडला. चेहऱ्यावर अगदी समाधान होतं.

झोपेत श्वास अडकतो कित्येकांचा. पेंत्तीला नाही का, तो नाकाला यंत्र लावून झोपतो? सिल्वीला हे सगळं ठाऊक होतं. पण असा श्वास तिने नुकताच ऐकला होता आणि तो घरात ऐकला नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्या एकमेकींशी बोलू नयेत, म्हणून ती उठली आणि भांडी घासायला लागली.

६

“सिल्वी, तुझी सील ठोकते,” पेंत्ती एक दिवस म्हणाला.

तो खाचेपलीकडे गळ टाकून मासे धरायला बसला होता. आला तो सरळ स्वयंपाकघरात, बूटही न काढता. एरवी बुटांवरून सिल्वीने त्याची सालटी काढली असती.

“खरवडत असेल,” ती म्हणाली. “भोक मोकळं ठेवायला खरवडतात.”

“खरवडणं मला कळतं गं. हे ठोकणं होतं. ठोकतं, थांबतं, जसं काही ऐकतंय, आणि परत ठोकतं. आणि...” त्याने मागे वळून पाहिलं. ताइस्तो अंगणात लाकडं रचत होता. “आणि आवाज काढतं. बोलल्यासारखा. शब्द नाही कळले.”

“सीलचं पिल्लू माणसाच्या पोरासारखं रडतं, पेंत्ती.”

“पोर नव्हतं ते. जाडा आवाज होता. मी फावडं आणतो, एका बाजूने वीतभर उघडून बघू. काही नसेल तर परत बुजवू.”

सिल्वी उभी राहिली. एवढा राग तिला वर्षानुवर्षांत आला नव्हता.

“त्या ढिगाला फावडं लावलंस, तर तेच फावडं तुझ्या टाळक्यात घालीन. आई आत पिल्लाला घेऊन बसली आहे. तू उजेड पाडलास की ती जाईल आणि परत येणार नाही. इतकी वर्षं वाट बघितली आम्ही, आणि तू निघालास उकरायला!”

“आयला, बरं बाई, नाही लावत,” पेंत्ती हात वर करून म्हणाला. “पण एक सांगतो. माझी पाठ बरी असती आणि त्या दिवशी मी तिथे असतो, तर मला कळलं असतं.”

“काय कळलं असतं?”

पेंत्ती दाराकडे निघाला. जाताना अंगणात ताइस्तोने त्याच्याकडे बघून हात हलवला. पेंत्तीने हलवला नाही.

७

मग तिने स्वतःच नियम मोडला. मोडला म्हणजे काय, उघडलं नाही, नुसता कान लावला. भर दुपारी, स्की लांब काढून ठेवल्या, लोकरीच्या मोज्यांवर आवाज न करता गेली, ढिगाच्या, किनाऱ्यावरच्या आपल्या घराच्या दिशेला असलेल्या बाजूला गुडघे टेकले आणि टोपी वर करून कान टेकवला.

श्वास येत होता. लांब, घोगरा, मध्येच अडखळणारा. सिल्वीने कान आणखी दाबला. मग श्वास थांबला. ती वाट पाहत राहिली आणि तिला विचित्र खात्री वाटली, की भिंतीच्या आतल्या बाजूनेही कोणीतरी असाच कान लावला आहे.

“कोण?” ती पुटपुटली. सीलला कोणी असं विचारतं का?

आत एकदम गलका उडाला. खरवडणं, आपटणं, धडपड, सगळं तिच्या कानाशी, अगदी तिच्याच दिशेने. ती मागे कोसळली. हे मी काय केलं! घाबरवलं तिला! बिथरली ती! सिल्वी उठली आणि धावत सुटली. तो आवाज मागे बराच वेळ येत होता. ती थांबली नाही, कारण थांबलं तर आतली सील आणखी घाबरली असती.

घरी आल्यावर लाजेने तिला घास गिळवेना. टेबलापलीकडे ताइस्तो बसला होता, छोटे मासे घालून भाजलेला राय नावाच्या धान्याचा पाव कापत.

“आपण पहिल्यांदा कुठे भेटलो?” तिने अचानक विचारलं.

“नाचाला. लाकडी मांडवात. तुझ्या बुटाचा बंद तुटला होता.”

“माझ्या आईने तुला काय म्हटलं?”

“हा मुका आहे का, असं म्हणाली.” तो हसला. “आणखी विचार.”

तिने विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं, एकही चूक नाही. ताइस्तोला लग्नाची तारीख सुद्धा कधी आठवली नव्हती. सिल्वीला कळेना, जिवात जीव आला म्हणायचं की गेला.

“तू तिकडे गेली होतीस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“बरं केलंस.” त्याने पावाचा मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला. “खा. माझ्यासाठी खा.”

तिने खाल्ला. खरं सांगायचं तर हा माणूस तिला आवडत होता. पहिल्यापेक्षा जास्त आवडत होता, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

ढिगातला आवाज त्यानंतर कोणी ऐकला नाही.

८

एप्रिलात तळ्यावर पाणी साचायला लागलं आणि वेन्ला आली. ताइस्तो म्हणाला, तुम्ही जा, मी कॉफी टाकतो. पडल्यापासून त्याने तळ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. सिल्वी, पेंत्ती आणि वेन्ला, तिघंच निघाली.

टकल्या बेटाच्या ढिगाचं छप्पर बसलं होतं. वेन्ला गुडघ्यांवर बसली, पडलेला बर्फ हातांनी काढला आणि तिचा चेहरा उजळला. “राहिलंय! नक्की राहिलंय! भिंती बघा, अंगाच्या उबेने कशा काचेसारख्या झाल्यात.” मग ती वाकून आणखी शोधायला लागली, आणि मग हात थांबवून मागे बसली.

“काय गं?” सिल्वीने विचारलं.

“केस नाहीत. एक सुद्धा नाही. पिल्लाचीही काही खूण नाही.” तिने मध्यावरच्या काळ्या पाण्याच्या भोकाकडे पाहिलं. “आणि झोपायचा खळगा असा... लांब. मध्ये वाकलेला. मोठा नर असेल, एकटा. थोडं विचित्र आहे.”

खळगा असा होता, जसं कोणी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलं असावं. पेंत्तीने टोपी काढली, का काढली ते त्यालाच ठाऊक, आणि परत घातली.

“मोजायची फीत आणि कॅमेरा घसरगाडीवर राहिले,” वेन्ला म्हणाली. “पेंत्ती, चला जरा, गाडी या बाजूला ओढून आणू.” दोघं बेटाला वळसा घालून गेली.

सिल्वी एकटी उरली. ती ढासळलेल्या ढिगात उतरली आणि तिने घराकडची भिंत पाहिली.

त्या भिंतीत पंजाचा ठसा होता. पाच बोटांचा, माणसाचा, एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकून वितळवलेला, खोल खोल गेलेला. इतका खोल, की पलीकडे कागदाएवढाच बर्फ उरला होता आणि त्यातून ऊन दिसत होतं. बाहेरून जिथे तिने कान लावला होता, ती हीच जागा. आणखी एक दिवस, आणखी एक फावडं. वीतभर उघडून बघू, असं पेंत्ती म्हणाला होता.

तिने हातमोजा काढला आणि त्या पंजात आपला हात ठेवला. तिच्या हाताला तो मोठा होत होता. किती मोठा होत होता, ते तिला तोंडपाठ होतं.

मागे पाणी हललं.

भोकातलं पाणी कडेपर्यंत फुगलं, जसं खालून काही मोठं वर येताना फुगतं. एक डोकं वर आलं, तिच्याकडे पाठ करून. करडे ओले केस मानेवर लोंबत होते, हिवाळाभर कोणी न कापलेले. घरातल्याचे केस तिने मागच्याच आठवड्यात कापले होते. डोक्याने नाकातून लांब श्वास सोडला. मान थरथरत होती.

पलीकडे किनाऱ्यावर, घराच्या पायरीपाशी, ताइस्तो उभा होता. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून, तिच्याकडेच बघत.

सिल्वीने एकदा किनाऱ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. तिला एकच शब्द येत होता. कोणासाठी येतोय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

“ताइस्तो!” तिने हाक मारली.

“काय गं?” किनाऱ्यावरून लगेच, मायेने उत्तर आलं.

आणि पाण्यातलं डोकं हळूहळू तिच्याकडे वळायला लागलं.